हुकूमशाहीत विकास वेगाने होतो, असं आपण कशावरून म्हणतो?

अर्धविराम (धागाकर्ता)

परवा जुन्या मित्रांची बैठक जमली. तासाभरात गाडी नेहमीच्या ठिकाणी आली: "दहा वर्षं एखादा कडक माणूस बसवा, मग बघा विकास कसा होतो ते." मी नेहमीप्रमाणे विरोध केला आणि नेहमीप्रमाणे हरलो. समोरच्याकडे उदाहरणं होती, माझ्याकडे नुसती तत्त्वं. नंतर दोन-तीन दिवस वाचत बसलो तर माझीच बाजू डळमळीत झाली. म्हणून हा काथ्याकूट.

त्याची उदाहरणं अशी. दक्षिण कोरियात १९६१ मध्ये पार्क चुंग-ही या जनरलने लष्करी उठाव करून सत्ता घेतली. १९७९ मध्ये त्याची हत्या झाली, तोवर एक कंगाल देश पोलाद आणि जहाजं बनवू लागला होता. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ सलग मार्शल लॉ, आणि त्याच काळात तो देश वर आला. सिंगापूरात ली क्वान यू १९५९ पासून १९९० पर्यंत पंतप्रधान. निवडणुका व्हायच्या, पण निकालाची उत्सुकता कोणाला नसायची. आणि चीनबद्दल तर बोलायलाच नको.

मी लोकशाही जपानचं नाव घेतलं, तर त्याने नारिता विमानतळ तोंडावर फेकला. हे प्रकरण मला माहीतच नव्हतं. १९६६ मध्ये सरकारने टोकियोजवळ विमानतळाची जागा ठरवली, तीही शेतकऱ्यांना न विचारता. मग बारा वर्षं मोर्चे, पोलिसांशी मारामाऱ्या, दोन्हीकडची माणसं मेली. १९७८ च्या मार्चमध्ये उद्घाटन चार दिवसांवर आलं असताना आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले आणि आतली यंत्रं फोडली. मे महिन्यात विमानतळ सुरू झाला तो एकाच धावपट्टीवर. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये आली, तीसुद्धा ठरल्यापेक्षा आखूड, कारण मधली जमीन शेवटपर्यंत मिळाली नाही. पुढेही कित्येक वर्षं विमानतळाच्या पोटात एक शेत होतं आणि विमानं त्याला वळसा घालून जायची.

मला त्या शेतकऱ्याचं कौतुक वाटतं. पण एका धावपट्टीला छत्तीस वर्षं लागत असतील तर मित्राचं चुकतंय कुठे?

जुना खेळाडू

कुठेच चुकत नाही. तुमच्या धाग्यातच उत्तर आहे, तुम्हाला ते आवडत नाही एवढंच.

आज लोकशाहीचे धडे देणारे देश श्रीमंत झाले तेव्हा तिथे लोकशाही कितीशी होती, हेही बघा. ब्रिटनमध्ये १८३२ च्या मोठ्या सुधारणेनंतरसुद्धा बहुसंख्य पुरुषांना मत नव्हतं, बायकांना तर नव्हतंच. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं १९२८ मध्ये. तोवर गिरण्या, रेल्वे, बंदरं, साम्राज्य सगळं उभं राहून जुनं झालं होतं. आधी पोट भरलं, मग मतपेटी आली. गरीब देशांना मात्र सल्ला उलट्या क्रमाने दिला जातो.

(लगेच मला हुकूमशहाचा भाट ठरवू नका. मी क्रमाबद्दल बोलतोय. हलकेच घ्या.)

गणिती मांजर

चार देश म्हणजे विदा (डेटा) नव्हे.

लॉटरी लागलेल्या चौघांच्या मुलाखती घेऊन "तिकीट काढल्याने माणूस श्रीमंत होतो" म्हणण्यासारखं आहे हे. न लागलेली तिकिटंही मोजा ना. झाईरमध्ये (आजचा काँगो) मोबुटू, १९६५ ते १९९७. या गृहस्थाने स्वतःच्या गावी, गबाडोलिटेला, जंगलात कॉन्कॉर्ड हे स्वनातीत विमान उतरेल एवढी लांब धावपट्टी बांधून घेतली. (नारिताच्या तुलनेत काम एकदम झटपट!) ब्रह्मदेशात ने विन, हैतीत दुवालिए बापलेक, फिलिपिन्समध्ये मार्कोस, शिवाय उत्तर कोरिया. "कडक माणूस" या सगळ्यांकडे होता. बैठकीत यांची नावं कोणी काढत नाही, कारण मुळात ती कोणाच्या लक्षातच नसतात.

आता मोजणीकडे. ॲडम शेवोर्स्की हे राज्यशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते १९९० या काळातले जगभरचे देश तपासले. सरासरी काढली तर देशाच्या एकूण उत्पन्नाच्या वाढीत हुकूमशाही आणि लोकशाहीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. पसाऱ्यात मात्र सापडला. हुकूमशाहीत चमत्कारही जास्त आणि सत्यानाशही जास्त, लोकशाही देश बहुतेक मधल्या पट्ट्यात. २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ असेमोग्लू आणि मंडळींचा अभ्यास आला. त्यांच्या हिशोबाने लोकशाही आल्यावर पंचवीसेक वर्षांत दरडोई उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी जास्त होतं. यावर कोणी लगेच नाचू नये. पंचवीस वर्षांत वीस टक्के म्हणजे वर्षाला एक टक्कासुद्धा नाही.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास लुईस मार्टिनेझ यांचा. रात्री उपग्रहातून पृथ्वीचे फोटो काढले की कुठे किती दिवे आहेत ते दिसतं. देशाची अर्थव्यवस्था वाढली की दिवेही वाढतात. तर या पठ्ठ्याने सरकारांनी जाहीर केलेली वाढ आणि दिव्यांची वाढ शेजारी शेजारी ठेवली. दिवे तेवढेच वाढले असले तरी हुकूमशाही देशांचा जीडीपी कागदावर जास्त वाढलेला निघाला. त्याच्या अंदाजाने वार्षिक वाढीचा आकडा साधारण ३५ टक्क्यांनी फुगवलेला असतो. सहा टक्के वाढ झाली की आठ सांगायची. उपग्रहाला बदलीची धमकी देता येत नाही, एवढाच काय तो घोटाळा.

तळटीप

मांजरताई, रोचक. पण चीनच्या रेल्वे काही कागदावरच्या नाहीत. २००८ मध्ये बीजिंग-तियानजिन ही पहिली ३५० किमी वेगाची लाईन सुरू झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत जगातलं सगळ्यात मोठं वेगवान जाळं उभं राहिलं. याचे फोटो उपग्रहातूनही दिसतात म्हणे.

दूरदेशी

चीनचं मी थोडं सांगू शकतो. एका कारखान्याच्या उभारणीसाठी दीड वर्ष तिथे होतो.

तिथला वेग खरा आहे, त्याबद्दल वाद नको. कामावर जायच्या वाटेवर जुन्या घरांची एक रांग होती. एका सकाळी प्रत्येक भिंतीवर रंगाने गोल आणि गोलात एकच अक्षर: छाय. अर्थ "पाडा". नवीन माणसाला ते अक्षर सगळ्यात आधी वाचायला येतं, कारण ते जिकडेतिकडे असतं. महिनाभराने रांग नव्हती. सपाट जमीन, पत्र्याचं कुंपण आणि कुंपणावर उद्याच्या इमारतींची चित्रं. आमच्या दुभाष्याला विचारलं, लोक गेले कुठे? तो म्हणाला, काहींना दोन-दोन फ्लॅट मिळाले, ते खूश आहेत. आणि बाकीचे? त्याने विषय बदलला. जे उठत नाहीत त्यांच्या घराला तिथे "खिळा-घर" म्हणतात. २००७ मध्ये छोंगछिंगमध्ये असं एक घर खोल खणलेल्या खड्ड्याच्या मधोमध, मातीच्या सुळक्यावर उभं राहिलं होतं आणि त्याचा फोटो जगभर गेला.

पण मला वेगळंच सांगायचंय. चीनची वाढ वरून हुकूम दिल्याने झाली असं आपण धरून चालतो. सुरुवात उलटी आहे. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावातल्या अठरा शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप जमून सामुदायिक शेती आपापसात वाटून घेतली. तसा कागद केला, अंगठे उठवले. पकडले गेलो तर तुरुंगात जाणाऱ्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत इतरांनी सांभाळायची, हेही त्यात लिहिलं. म्हणजे तो सरळसरळ कायदेभंग होता. पुढच्या हंगामात धान्य इतकं आलं की लपवणं अवघड झालं. चीनचे तेव्हाचे नेते देंग शियाओपिंग आणि त्या प्रांताच्या नेत्यांचं मोठेपण हे, की त्यांनी यांना पकडलं नाही. हळूहळू देशभर तीच पद्धत आली.

पक्ष तोच होता, शिस्त तीच होती. वीस वर्षं आधी त्याच पक्षाने काय केलं होतं ते जाणकार सांगतीलच.

जुना खेळाडू

शेतकऱ्यांची गोष्ट छान आहे. पण १९७८ नंतर चार दशकं सरासरी नऊ टक्क्यांच्या वर वाढ आणि ऐंशी कोटींच्या आसपास माणसं अतिगरिबीतून बाहेर, हे अठरा अंगठ्यांनी होत नाही. त्याला मागे घट्ट सरकार लागतं. १९७८ मध्ये भारत आणि चीन दरडोई उत्पन्नात जवळपास एकाच पायरीवर होते. एकीकडे नियमित निवडणुका, दुसरीकडे एक पक्ष. आज दोघांमधलं अंतर बघा आणि मग मला पसारा-सरासरी शिकवा.

निळी शाई

खेळाडूकाका, भारत-चीन तुलना मान्य, पण तिचा अर्थ तुम्ही लावताय तो मला पटत नाही. भारताची जुनी साडेतीन टक्क्यांची वाढ मतदानामुळे होती की परवाना पद्धतीमुळे? मतदान तर १९९१ नंतरही होतंच, वाढ मात्र बदलली.

राजवट आणि धोरण वेगळं काढायचं असेल तर स्पेन बघा. प्रयोगशाळेत केल्यासारखं उदाहरण आहे. हुकूमशहा फ्रँको १९३९ मध्ये यादवी युद्ध जिंकला आणि पुढची वीस वर्षं देशाची दारं बंद करून स्वावलंबनाचा हट्ट धरला. रेशनिंग, काळाबाजार, उपासमार. १९५९ मध्ये तिजोरीत परकीय चलन जवळजवळ संपलं तेव्हा नाइलाजाने दारं उघडली, आणि पुढची पंधरा वर्षं स्पेन युरोपात सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या देशांपैकी एक झाला. माणूस तोच, तुरुंग तेच, सेन्सॉर तोच. मग पहिल्या वीस वर्षांचं श्रेय कोणाला देणार?

आता दूरदेशींनी अर्धवट सोडलेलं. १९५८ मध्ये माओंनी "मोठी झेप" जाहीर केली. वरून उत्पादनाचे आकडे मागवले गेले. एका तालुक्याने दुप्पट सांगितलं की शेजारच्याला तिप्पट सांगणं भाग. एका शेतात भाताची दाट रोपं उपटून आणून उभी करायची आणि पाहुण्यांना दाखवायची, असे प्रकार झाले. आकडे खोटे असले तरी सरकारची धान्यवसुली मात्र त्याच आकड्यांवर ठरली. कागदावर गोदामं भरली, गावात दाणा नाही. १९५९ च्या उन्हाळ्यात लूशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पंग देहुआय यांनी माओंना खाजगी पत्र लिहिलं. भाषा अदबीची, मुद्दा एकच: आकडे फुगलेत. माओंनी ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि पंगना पदावरून काढलं. त्यानंतर खाली कोणाची जीभ उचलणार? दुष्काळ १९६१ पर्यंत चालला. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत आहेत. अमर्त्य सेन म्हणतात की वृत्तपत्रं मोकळी असलेल्या लोकशाहीत मोठा दुष्काळ पडत नाही, त्यामागे हेच आहे. धान्य दोन्हीकडे कमी पडू शकतं. बातमी दडपता येते की नाही, यावर पुढचं ठरतं.

आणि म्हणून मला कोरियाचं यश वेगळं दिसतं. पार्क दर महिन्याला निर्यातीची बैठक स्वतः घ्यायचा. उद्योगपतींना स्वस्त कर्ज मिळायचं, पण माल परदेशात विकून दाखवला तर. इथे खोटा आकडा चालत नाही, कारण अमेरिकेतला गिऱ्हाईक पार्कला घाबरत नाही. शर्ट उसवला की तो परत पाठवतो. तैवानचं तेच, सिंगापूरचंही तेच: परदेशी कंपनीला नाही पटलं तर ती उठून दुसऱ्या देशात जाईल. चालून गेलेल्या हुकूमशाह्या बघाल तर त्यांना तोंडावर नाही म्हणणारं कोणीतरी देशाबाहेर होतं. मोबुटूला तांबं विकायचं होतं, आणि तांबं कोणत्याही राजवटीत तांबंच असतं.

गणिती मांजर

दंडवत. तांब्याचा मुद्दा चोरून ठेवतेय.

एक पुरवणी. ली केकियांग पुढे चीनचे पंतप्रधान झाले. ते लियाओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख असताना २००७ मध्ये अमेरिकेच्या राजदूताला म्हणाले होते की जीडीपीचे आकडे माणसांनी घडवलेले असतात. मी विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं बघतो. पुढे २०१७ मध्ये त्याच लियाओनिंगने कबूल केलं की आपण काही वर्षं महसुलाचे आकडे फुगवत होतो. म्हणजे राज्य करणाऱ्यालाच आपलं राज्य कसं चाललंय ते आडून बघावं लागतं.

तळटीप

यासाठी हुकूमशहाच लागतो असं नाही, साधा साहेब पुरतो. एका मोठ्या प्रकल्पावर साप्ताहिक अहवाल बनवणं माझं काम होतं. साइटवरचा माणूस लिहायचा "पाया खचलाय, दोन महिने लागतील." त्याच्यावरचा लिहायचा "पायाच्या कामात थोडी अडचण." माझ्यापर्यंत येईतो "काम सुरू आहे." मी ते हिरव्या रंगात टाकायचो, कारण आधीच्या माणसाने एकदा लाल टाकलं होतं आणि म्हणूनच तो "आधीचा माणूस" होता. सात महिने हिरवं. आठव्या महिन्यात साहेब स्वतः साइटवर गेले.

निळी शाई यांचं पंग देहुआयचं पत्र वाचून हेच आठवलं. तुलना फारच लहान आहे, कळतंय मला.

जुना खेळाडू

बातमी दडपण्याचा मक्ता हुकूमशहांकडेच आहे असं समजू नका. मिनामाता. लोकशाही जपान, मोकळी वृत्तपत्रं, निवडणुका, सगळं जागेवर. रासायनिक कारखान्याचा पारा खाडीत जात होता, मासे खाऊन माणसं आणि मांजरं झटके येऊन मरत होती. आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. कारखान्याचा पाराच कारण आहे हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं सांडपाणी चालूच. का? तर देश वाढत होता आणि कोणाला ती वाढ थांबवायची नव्हती. तुमची ती बातमी पोचवणारी यंत्रणा तेव्हा कुठे होती?

आणि अर्धविराम, तुमच्या मित्राला कोणीतरी शिंकानसेन (जपानची बुलेट ट्रेन) ऐकवेल, म्हणून आधीच सांगतो. टोकियो-ओसाका ही पाचशे किलोमीटरची लाईन लोकशाहीत साडेपाच वर्षांत झाली, १९५९ ते १९६४. खरंय. पण त्या मार्गातली बरीच जमीन युद्धकाळातल्या सरकारने जुन्या योजनेसाठी आधीच घेऊन ठेवली होती. तेव्हा त्या मालकांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

निळी शाई

मिनामाताचा मुद्दा बिनतोड आहे, माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की १९७३ मध्ये रुग्णांनी कोर्टात त्या कंपनीला हरवलं आणि भरपाई घेतली. उशीर झाला, फार उशीर झाला, पण जायला एक दार होतं.

उलट बाजूने चीनचं एक-मूल धोरण. १९८० पासून सक्तीने. जन्मदर पुरेसा खाली आल्याचं तिथलेच लोकसंख्यातज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. धोरण उठलं २०१६ ला. २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी. २०२२ मध्ये साठेक वर्षांत पहिल्यांदा लोकसंख्या घटली. वेगाने आणता आलेली गोष्ट वेगाने मागे घेता आली नाही.

दूरदेशी

लोकशाहीतल्या जोरदार वाढीची उदाहरणं कोणीच देत नाहीये, म्हणून एक. आफ्रिकेतला बोट्स्वाना. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी. डांबरी रस्ते जवळपास नाहीतच. वर्षभराने ओरापाला हिरे सापडले. मोबुटूच्या झाईरमध्येही हिरे होतेच. पण पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी खनिजांवरचा हक्क टोळ्यांकडून देशाकडे घेतला (त्यात त्यांची स्वतःची टोळीही आली), निवडणुका घेत राहिले, आणि पुढची तीसेक वर्षं बोट्स्वाना जगात सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या देशांत राहिला. बैठकीत याचं नाव निघत नाही, कारण तिथे कोणी कडक माणूस नव्हता, त्यामुळे गोष्ट रंगत नाही.

जुना खेळाडू

तिथे पहिल्यापासून एकच पक्ष निवडून येत होता, हे सोयीस्करपणे गाळलंत!

दूरदेशी

गाळलं नाही, यायचं होतं. २०२४ च्या निवडणुकीत तो पक्ष हरला आणि सत्ता सोडून घरी गेला. अठ्ठावन्न वर्षांनी. पार्कला घरी कसं जावं लागलं ते धाग्यातच आहे.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात मित्राला धाग्यातलं थोडं ऐकवलं. त्याने बोट्स्वाना उडवून लावला, मिनामाता मात्र लगेच घेतला. फ्रँकोवर जरा अडखळला. "कोणता फ्रँको हवा, १९५९ च्या आधीचा की नंतरचा?" असं विचारल्यावर म्हणाला, "नंतरचा." मी म्हटलं, तो आधी वीस वर्षं आधीचाच होता. यावर त्याने बिल मागवलं.

नारिताचा शेतकरी माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याला आधी विचारलं असतं तर छत्तीस वर्षं लागली असती का? विरोध त्या न विचारण्यातूनच पेटला, हे वाचताना मला उशिरा लक्षात आलं. म्हणजे मित्र ज्याला लोकशाहीचा उशीर म्हणतो, त्यातला निम्मा तरी हुकूम सोडण्याचाच होता.

तळटीप

अवांतर: वर ने विनचं नुसतं नाव येऊन गेलं. ब्रह्मदेशात ४५ आणि ९० च्या नोटा होत्या असं ऐकलंय. खरं की काय?

गणिती मांजर

खरं. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एका झटक्यात रद्द केल्या, बदलूनही दिल्या नाहीत. मग ४५ आणि ९० च्या नव्या काढल्या. दोन्ही आकडे नऊने भाग जाणारे, आणि ने विनला नऊ शुभ वाटायचा. लोकांची घरातली बचत गेली, विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे गेले. १९८८ मध्ये तेच विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि जुलैत ने विनला पक्षाध्यक्षपद सोडावं लागलं.

निर्णय मात्र अतिशय वेगाने झाला होता, खेळाडूकाका.

जुना खेळाडू

याला उत्तर देतो, पण उद्या.